सात दिवसांचे मालक

पहिला दलाल हसला, तिथून हे सुरू झालं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. सोफ्यावर ऐसपैस बसून त्यानं कराराची फाइल मांडीवर घेतली, चार पानं पुढे गेला, दोन मागे आला, आणि आवरता आवरता शिंक निसटावी तसं त्याचं हसू निसटलं. "हे घेतलं कुणी हो?" त्यानं विचारलं. ती चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हात मोकळे नव्हते म्हणून तिनं हनुवटीनंच खिडकीजवळच्या खुर्चीकडे दाखवलं. खुर्चीत तिचा नवरा बसला होता. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्याची उजवी बाजू लाकूड झाली होती आणि वाचा गेली होती. सबंध भाषेतून एकच शब्द त्याच्यापाशी उरला होता. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, कुणापाशी एखादी शिवी राहते, कुणापाशी नुसतं 'नाही' राहतं, तुमच्या मिस्टरांपाशी बघा किती चांगला शब्द राहिलाय. दलालानं मान वळवून खुर्चीकडे पाहिलं तेव्हा नवऱ्यानं तोच शब्द काढला. "छान," तो म्हणाला. त्यावर दलाल मांडीवर थाप मारून मोकळेपणानं हसला, आणि ट्रे टेबलावर ठेवायला निघालेली ती दारातच थांबली. हसू पुरतं संपू दे, मग ठेवू, असं तिला वाटलं. घशाखाली काहीतरी ऊन ऊन उतरत होतं, थंडीत चहाचा पहिला घोट उतरतो तसं. हे काय आहे ते तिला लगेच कळलं नाही, पण पुन्हा हवंय एवढं कळलं.

तसं पाहिलं तर तिनं दलालाला बोलावलं होतं ते सरळ मनानं. टाइमशेअर कुणाच्या तरी गळ्यात घालून एकदाचं मोकळं व्हायचं, असं मुलगी केव्हापासून फोनवर सांगत होती. तलावाकाठच्या एका मोठ्या रिसॉर्टमधल्या खोलीवर दरवर्षी सात दिवस हक्क, म्हातारं होईपर्यंत हक्क, आणि आपण गेल्यावर मुलांनाही हक्क. एका पलंगाचे, एका नळाचे, एका आरशाचे सात दिवसांचे मालक. उरलेल्या दिवसांचे मालक कोण होते ते कधी दिसले नाहीत. पलंगाखाली एखादी हेअरपिन तेवढी सापडायची. जा नाहीतर नका जाऊ, देखभालीचा हप्ता मात्र दरवर्षी भरायचा. आता नवऱ्याला खुर्चीतून पलंगावर न्यायचं तर दोन माणसं लागत होती, तलावावर कोण नेणार. हसऱ्या दलालानं डोळे पुसून नीट समजावून सांगितलं होतं. याला गिऱ्हाईक मिळणार नाही, काकू. पेपरच्या रद्दीला भाव आहे, याला नाही. फार तर कंपनीच्या गळी उतरवून परत करता येईल, ती खटपट मी करीन, माझं काय ते द्या, आणि दोघांच्या नावावर आहे म्हणून तुमची सही आणि काकांचा अंगठा लागेल. बाकी काही नाही. तिनं त्याच दिवशी हो म्हणायला हवं होतं. "विचार करून सांगते," ती म्हणाली, त्याला जिन्यापर्यंत पोचवून आली आणि दुपारी दुसऱ्या दलालाला फोन लावला.

ती एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीत बसायची. रक्त काढणारे आत, यंत्रं त्याच्याही आत, आणि खिडकीत ती. पावती घ्यायची, रिपोर्टचं पाकीट शोधायचं, पाकीट द्यायचं. काय आलंय हो यात, असं निम्मी माणसं विचारायची, आणि डॉक्टरांना दाखवा, असं ती सगळ्यांना सांगायची. तरी माणसांना धीर कुठला असतो. समोरच्या बाकावर बसून तिथल्या तिथे पाकीट फाडायची. त्या क्षणी ती मान वर करायची. इतका वेळ खाली घातलेली मान नेमकी तेव्हाच वर यायची. कागद उलगडणाऱ्याचे डोळे आकड्यांवरून खाली घसरायचे, कुठेतरी अडायचे, आणि मग तोंडावरचं सगळं एकदम सैल व्हायचं, दोरी कापल्यावर कपडे पडतात तसं. "तुला बघवतं तरी कसं गं?" शेजारच्या खिडकीतली बाई एकदा म्हणाली होती. ती उत्तरली होती, "सवय झाली." त्या वेळी तिला ते खरंच वाटलं होतं. आपल्याला कणव येते म्हणून आपण बघतो, असंही तिला कधी कधी वाटायचं. आता दुसरा दलाल यायच्या आधी खुर्ची कशी ठेवावी म्हणून ती बैठकीच्या खोलीत उभी राहिली, तेव्हा तिला बाक आठवला. खिडकीजवळची खुर्ची तिनं थोडी आत ओढली आणि स्वयंपाकघराच्या दारातून नवऱ्याचं तोंड समोरून दिसेल अशी वळवली.

मग रविवार ठरून गेले. सकाळी ती त्याला लवकर उठवायची, अंग पुसायची, दाढी करायची. दाढी फार मन लावून करायची. गालाच्या खळग्यात वस्तरा जपून फिरवायची, ओठाखालचे चार केसही सोडायची नाही, कारण दाढी वाढलेली असली की तोंडावरचं नीट दिसत नाही. तलावावर जायला म्हणून घेतलेला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घालायची. तो आरशात बघून म्हणायचा, "छान." मग दलाल यायचा. ती चहा करायला आत जायची आणि पाणी उकळायच्या आत दारात येऊन उभी राहायची. दुसरा आला तो सेंट मारून आलेला. त्यानं फाइल उघडलीसुद्धा नाही. गिऱ्हाईक तयारच आहे, परदेशातलं आहे, फक्त कागदांचा खर्च आधी द्या, असं तो सांगत सुटला आणि मध्येच नवऱ्याकडे वळून म्हणाला, "साहेबांची चॉइस मानली पाहिजे!" हा माणूस आपल्याला टोपी घालायला आलाय हे तिला जिन्यातच कळलं होतं, त्याचं तिला काही वाटलं नाही. पण ते ऐकून नवऱ्याच्या तोंडाची शाबूत बाजू उजळली, पाठ खुर्चीवरून इंचभर सुटली. ते मात्र तिला सहन झालं नाही. सेंटवाल्याला तिनं चहासुद्धा न देता वाटेला लावलं.

तिसरा शाळेतल्या मास्तरसारखा होता. नाकावर चष्मा, खिशाला दोन पेनं, आणि बोलायच्या आधी घसा खाकरायचा. यानं मात्र फाइल अथपासून इतिपर्यंत वाचली. मग एक कोरा कागद मागून घेतला आणि त्यावर रेघा ओढून दाखवलं, की हे घ्यायच्याऐवजी माणसानं दुसरं काहीही केलं असतं, अगदी काहीही, नुसतं गादीखाली ठेवून वर झोपला असता तरी आज बरा असता. "शिकलेली माणसं कशी फसतात याचं मला नेहमी नवल वाटतं," मास्तर म्हणाला. ती दारातून म्हणाली, "जरा मोठ्यानं बोला. यांना कमी ऐकू येतं." ते खोटं होतं. नवऱ्याचे कान तिच्याहून तिखट होते. जिन्यात वाजलेली चपलांची चाहूल त्याला आधी लागायची. मास्तरनं घसा खाकरून सगळं पहिल्यापासून, एकेक शब्द तोडून, वर्गाला सांगावं तसं पुन्हा सांगितलं. नवरा ऐकत होता. डाव्या डोळ्याखालची कातडी थरथरली, गळ्याची घाटी वर गेली आणि तिथेच अडकून राहिली. ती बघत होती. पाकीट फाडलेलं होतं आणि कागद उलगडत होता. शेवटी नवऱ्यानं ओठ ओले केले आणि म्हणाला, "छान." मास्तर ओशाळला. ती मात्र आत जाऊन मोरीच्या कठड्याला धरून तोंडात पदराचा बोळा कोंबून हसली, आणि हसता हसता तिला त्या हॉलमधली घंटा आठवली.

घंटा पितळेची होती. दुकानात किराणा घेताना नवऱ्यानं एक कूपन भरून दिलं होतं, आणि तुमचं नाव निघालंय, जोडीनं या, भेटवस्तू घेऊन जा, असा फोन आला होता. हॉटेलचा हॉल, गोल गोल टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक जोडपं आणि एक टाय लावलेला माणूस. गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की मनातल्या मनात बेरीज करायची म्हटली तरी जमू नये. कुणी सही केली की कोपऱ्यातली घंटा घणघणायची आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. त्यांच्या टेबलावरचा माणूस गोड बोलणारा होता. त्यानं तलावाचे फोटो दाखवले, पायऱ्या, होड्या, पाण्यात पाय सोडून बसलेली एक बाई. मग तो तिच्याकडे वळला. "मॅडम काय म्हणतात?" घरी जाऊन विचार करू या, एवढंच ती म्हणाली, आणि तेही हळू. नवरा खुर्चीत मागे रेलला. "आमच्या हिचं काय विचारता! हिला लिफ्टमध्ये पाय ठेवायची भीती वाटते." टायवाला हसला. तेवढ्यानं नवऱ्याला चेव चढला. आमच्या साहेबांकडे गृहप्रवेशाला गेलो होतो, सातवा मजला, मी आपला लिफ्टनं वर, सरबत घेऊन बसलोय, आणि ही बया जिन्यानं चढतेय, हातात फुलदाणी, घामानं पावडरचे ओघळ, साहेबांच्या मिसेसनी दार उघडलं तर हिला शब्द फुटेना, म्हणून हिनं नुसती फुलदाणी पुढे केली! शेजारच्या टेबलावरचं जोडपंही वळून हसायला लागलं. नवऱ्याला गोष्ट सांगता यायची. नक्कल तर इतकी हुबेहूब करायचा की तिलाही हसू आलं. हेच ते. बाकी सगळं तिनं कधीच सोडून दिलं असतं, पण आपणही हसलो, त्या चार परक्या माणसांत आपणही दात काढून हसलो, हे तिच्या मनातून गेलं नाही. मग टायवाल्याच्या बोटानं जिथे जिथे दाखवलं तिथे तिथे तिनं सही केली, आणि घंटा वाजली.

खोलीच्या खिडकीतून तलाव दिसत नव्हता, जनरेटरची शेड दिसत होती. कुठल्या आठवड्यात जायचं ते आधी फोन करून ठरवावं लागे, आणि नवऱ्याला नेहमी उशीर व्हायचा. म्हणून त्यांच्या वाट्याला यायचे ते पावसाळी हवेचे, ओल्या टॉवेलांचे आठवडे. एका वर्षी वेळ साधून चांगला आठवडा मिळाला, तो त्यानं मोठेपणानं आपल्या बहिणीला देऊन टाकला. खोलीत छोटंसं स्वयंपाकघर होतं, ते पाहून तो खूश झाला होता. बाहेर कशाला जेवायचं, सगळी सोय आहे की. मग सातही दिवस ती घरून आणलेल्या डब्यांतलं डाळतांदूळ काढून परक्या शेगडीवर घरचाच स्वयंपाक करायची, आणि तो खाली तळ्याच्या पायरीवर बसून यायचा, वर येऊन जेवायचा, आणि म्हणायचा, "छान." तेव्हा त्याच्यापाशी बाकीचे शब्दही होते, तरी हाच वापरायचा. खोली छान, डाळ छान, हवा छान, तू बरोबर आलीस छान. एखाद्यानं बिलावर शिक्का मारावा तसा.

पण एक दुपार होती. ती दुपार तिला अजिबात आवडत नसे, कारण ती बाकीच्या हिशेबात बसत नसे. त्यानं हट्टानं तिला रिसॉर्टच्या लिफ्टमध्ये घातलं होतं. चल, मी आहे ना. दोन मजल्यांच्या मध्ये दिवे गेले आणि लिफ्ट गचकन थांबली. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते हात लावून बघावं. तिला वाटलं होतं आपण आता किंचाळणार, पण तेवढ्यात त्यानं तिचा हात धरला, आणि तिला कळलं की त्याचा तळवा ओलाचिंब झालाय. तो थरथरत होता. श्वास नाकात मावत नव्हता, तोंडानं घेत होता. "तू बोलत राहा," तो म्हणाला, "काहीही बोल, थांबू नकोस." मग ती बोलत राहिली. लॅबमधलं, मुलीच्या शाळेतलं, आपल्या आईच्या शिलाईयंत्राची सुई कशी सारखी मोडायची ते, काहीही. त्यानं कपाळ तिच्या खांद्यावर टेकवलं होतं. इतकी वर्षं लिफ्टची भीती त्यालाही वाटत होती. रोज ऑफिसात एकट्यानं वर जाताना तो काय करत असेल, डोळे मिटत असेल, मजले मोजत असेल, असा विचार तिच्या मनात आला आणि तिला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की दिवे आले तेव्हा तिला वाईट वाटलं. बाहेर पडताना त्यानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "कुणाला सांगू नकोस हं," तो म्हणाला. तिनं कुणाला सांगितलं नाही. पुढे त्यानं फुलदाणीची गोष्ट पुष्कळदा सांगितली, जावयासमोर सांगितली, तिच्या लॅबमधल्या बायकांसमोर सांगितली, तेव्हाही ती मूग गिळून बसली. तिच्यापाशी त्याचं असं ते एवढंच होतं.

"आई, अजून एजंट ठरला नाही?" मुलगी फोनवर वैतागली. "किती जणांना बोलावणार आहेस?" ती म्हणाली, "बघतेय गं. घाई करून कसं चालेल? एकदा घाई केली त्याचंच तर निस्तरतेय." हे ती खुर्चीकडे बघत बोलली. नवरा खिडकीबाहेर बघत होता. फिजिओवाल्या बाई त्याच्या उजव्या हाताशी झटत होत्या. तो हात कायम मुठीत असायचा, नखं तळव्यात रुतायची. बोटं ओढून उघडायची नाहीत, बाईंनी तिला शिकवलं होतं. ओढलं की मूठ जास्त आवळते. मनगट धरायचं आणि हळूच आतल्या बाजूला वाकवायचं, की बोटं आपली आपण सुटतात, कुणाचीही सुटतात, निरोगी माणसाचीसुद्धा. तिनं मनगट वाकवलं, आणि खरंच, बोटं एकामागून एक उलगडली. किती सोपं होतं. रोज सकाळी ती तशीच मूठ उघडून तळवा पुसायची, नखं कापायची.

मग एका रविवारी ती दलालबाई आली. साध्या सुती साडीतली, खांद्याला कापडी पिशवी, आल्या आल्या चपला नीट भिंतीशी लावून ठेवणारी. बाई सोफ्यावर बसली नाही. कोपऱ्यातला वेताचा बुटका मोडा उचलून तिनं खुर्चीसमोर ठेवला आणि त्यावर बसली, म्हणजे तिचं तोंड नवऱ्याच्या तोंडाच्या समोर आलं आणि दारातून फक्त तिची पाठ दिसायला लागली. "काका," बाई म्हणाली, "ही जागा तुमच्या दोघांची आहे ना? तुम्ही जात होता तिथे?"

"छान," नवरा म्हणाला.

"पाण्यापाशी बसायचात?"

"छान."

"मग आता देऊन टाकायची आहे का, काका? तुमच्या मनात काय आहे?"

या वेळी तो शब्द आला नाही. बाईच्या पाठीआड काय चाललंय ते दिसत नव्हतं, म्हणून ती ट्रे घेऊन दारातून दोन पावलं पुढे आली. नवरा बाईकडे बघतच नव्हता. तो बाईच्या खांद्यावरून तिच्याकडे बघत होता, आणि त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. उजव्या डोळ्यातून एरवीही वाहायचं, ते आजारपणाचं होतं. हे डाव्यातून होतं. "यांना तसंच होतं," ती घाईनं म्हणाली, "आजारामुळे." बाई उठली, मोडा जागच्या जागी ठेवला, चहा उभ्यानंच प्यायली. हे काम व्हायला काही अडचण नाही, तिनं सांगितलं, कंपनीत ओळखीचे आहेत, महिन्याभरात सुटेल. पण त्यांची इच्छा मला कळली नाही आणि कळल्याशिवाय मी अंगठा घेत नाही. दाराशी चपला घालताना ती खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, रागावू नका. माझ्याआधी इथं कोण कोण येऊन गेलं ते मला ठाऊक आहे, आमच्या धंद्यात सगळे एकमेकांना ओळखतात. तुम्हाला हे विकायचं आहे की नुसतं यांना ऐकवायचं आहे?"

तिच्या अंगाची लाही लाही झाली. तू कोण, तुला काय ठाऊक, तू होतीस का त्या हॉलमध्ये, असं सगळं एकदम ओठावर आलं आणि एकही शब्द बाहेर पडेना. फुलदाणी पुढे करावी तसा तिनं नुसता हात पुढे केला, आणि बाईनं त्यात आपलं कार्ड ठेवलं. कार्ड चहाच्या चोथ्यात गेलं. दिवसभर ती भांडी आपटत राहिली. असल्या बाईला काम द्यायचं म्हणजे काय, ती पुन्हा येणार, पुन्हा मोड्यावर बसणार, पुन्हा काका काका करणार, आणि आपण पुन्हा तिच्या पाठीकडे बघत उभं राहायचं. संध्याकाळी तिनं फोन उचलला. दलाल ठरला होता. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी ठरला होता.

हसरा दलाल आला, पण या वेळी तो हसला नाही. त्याला आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्यानं कागद काढले, तिची सही घेतली, शाईची डबी काढून झाकण उघडून टेबलावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. ती दारात उभी होती. नवरा पट्ट्यांच्या शर्टात, गुळगुळीत दाढी केलेला, खुर्चीत बसला होता. सगळं जागच्या जागी होतं, आणि काहीच होत नव्हतं. हा आता अंगठा घेईल, कागद पिशवीत घालील आणि जाईल. इतक्या रविवारांचा शेवट असा, पोस्टमननं सही घेऊन जावं तसा. "तुम्हाला गंमत सांगते," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच उंच वाटला. दलालानं वर पाहिलं. "तिथं ना, एक लिफ्ट होती."

ती दारातून पुढे आली. गोष्ट सांगायची म्हणजे कुठे थांबायचं, कुठे आवाज पाडायचा, हे तिला माहीत आहे असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण इतकी वर्षं एका पटाईत माणसाचं ऐकत आलेली ती. तिनं त्याचा रुबाब आधी रंगवला, चल, मी आहे ना, छाती काढून. मग अंधार केला. मग त्याचा श्वास काढून दाखवला, तोंडानं, मासा काढतो तसा. "आणि काय सांगू तुम्हाला, हा एवढा बाप्या माणूस, माझा हात सोडेना! म्हणे तू बोलत राहा! डोकं माझ्या खांद्यावर, आणि घाम असा, की माझी बाही पिळून काढावी लागली!" दलाल हसला. आधी नाकातून, मग पोटातून, मग मांडीवर थाप मारून, अगदी पहिल्या दिवसासारखा. "काय काका!" तो म्हणाला, "आम्हाला वाटलं तुम्ही वाघ!" तीही हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि पदरानं डोळे टिपून तिनं मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं.

त्याच्या तोंडावरून काहीच पडलं नव्हतं. ते आधीच रिकामं होतं. लॅबच्या बाकावर तिनं शेकडो तोंडं पाहिली होती, पण असं पाहिलं नव्हतं. कागद उलगडायच्या आधीच आतलं माणूस उठून गेल्यासारखं. तो तिच्याकडे बघत नव्हता, दलालाकडे बघत नव्हता, खिडकीकडेही नाही. "चला काका," म्हणत दलालानं शाईची डबी पुढे केली. "डावा अंगठा लागतो." नवऱ्याचा डावा हात, धडधाकट हात, मांडीवर होता. त्याची मूठ मिटली. अंगठा आत, चार बोटं वर.

दलालानं दोन बोटांनी चाचपून पाहिलं, ओढून पाहिलं, मूठ आणखी आवळली. "राहू द्या काकू, आज त्यांचा मूड नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू विरलं होतं. "पुढच्या रविवारी येतो." पुढचा रविवार. ती खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. "ओढायचं नसतं," ती म्हणाली, आणि तिनं नवऱ्याचं मनगट धरलं. ते गरम होतं, त्यात नाडी उडत होती. त्यानं जोर लावला. तो जोर तिला कोपरापर्यंत जाणवला; इतक्या महिन्यांत त्यानं एवढा जोर कशालाच लावला नव्हता. तिनं मनगट हळूच आत वाकवलं, रोज सकाळी वाकवत होती तसंच, मायेनं. बोटं सुटली. करंगळी, मग तिच्या शेजारचं, मग मधलं, एकेक करून, आणि आतून अंगठा बाहेर आला. तिनं तो शाईत टेकवला आणि कागदावर दाबला. दलाल तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. जाताना तो जिन्यापर्यंत पोचवू नका म्हणाला.

महिन्याभरात पत्र आलं, हक्क सुटला, हप्ता बंद झाला. मुलगी म्हणाली, "सुटलीस बाई एकदाची." ती म्हणाली, "हो." नवऱ्याचा शब्द त्या दिवसापासून गेला होता. दाढी झाली, आरसा दाखवला, काही नाही. चहा दिला, गप्प. त्याला पटकन आठवावं म्हणून तिनं डाळ केली, तलावावर करायची तशीच, पातळ, वरून कोथिंबीर. "छान झालीय ना?" तिनं विचारलं. "अहो, छान ना?" घास तोंडात तसाच राहिला, मग गिळला गेला. फिजिओवाल्या बाई म्हणाल्या, कधी कधी असंही जातं. घरात काही झालं का? ती म्हणाली, "नाही हो, काय होणार." लॅबमध्ये तिनं मान वर करणं सोडलं. पाकीट द्यायची आणि पुढची पावती घ्यायची. समोर बाकावर कागद फाटल्याचा आवाज आला की तिच्या मानेत कळ यायची.

आणि रविवार यायचे. सकाळी दाढी, पट्ट्यांचा शर्ट, खुर्ची आत ओढून दाराकडे वळवलेली, चहाचं पाणी ठेवलेलं, आणि येणारं कुणी नाही. एका रविवारी पाणी उकळून आटून गेलं तरी ती दारात उभी होती. नवऱ्याचं तोंड समोरून स्वच्छ दिसत होतं आणि त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. तिला वाटलं, एकदा फक्त एकदा त्यानं तो शब्द काढावा. शिवी म्हणून काढावा, काहीही म्हणून काढावा. पूर्वी दलाल हसला की त्याच्या तोंडून शब्द निघायचा, तर तसाच निघेल. ती जाऊन सोफ्यावर बसली, दलाल बसायचे तिथे, ऐसपैस. मांडीवर घ्यायला फाइल नव्हती म्हणून वर्तमानपत्र घेतलं. चार पानं पुढे गेली, दोन मागे आली. मग जमेल तेवढी हसली. "हे घेतलं कुणी हो?" तिनं विचारलं.

नवऱ्यानं मान वळवली. सोफ्यावर कोण बसलंय ते तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मांडीवरचा मूठ मिटलेला डावा हात उचलला. सावकाश तिच्या दिशेनं पुढे केला, आणि स्वतःचं मनगट स्वतःच आत वाकवलं, तिनं वाकवलं होतं तेवढंच. बोटं सुटली. शाईसाठी अंगठा पुढे करून तो वाट बघत बसला.

तिनं उठून तो अंगठा मुठीत धरला, आणि त्याचं काय करावं ते तिला कळेना.